स्वयंपाकघराचा निचरा: तुंबण्याची सुरुवात ताटातच होते

सिंक तुंबल्याचं एका दिवशी लक्षात येतं, पण त्याची तयारी कित्येक महिने चाललेली असते. ओशट ताटं, खिचडीचं पातेलं, चहाची गाळणी, कणीक भिजवलेली परात यांतून रोज थोडंथोडं काही पाइपात उतरतं आणि आतल्या भिंतीला धरून बसतं. पाणी जातंय तोवर कोणी विचार करत नाही. मग ऐन सणात, घर पाहुण्यांनी भरलेलं असताना पाणी वर येतं. कोणी उकळतं पाणी ओतायला सांगतं, कोणी सोडा आणि व्हिनेगर, कोणी दुकानातून पुडी आणतं, कोणी प्लंबरला फोन लावतं. या प्रत्येक उपायाबद्दल घरोघरी ठाम मतं असतात. त्यांतलं खरं काय, अपुरं काय आणि धोक्याचं काय, याचा हा आढावा.

निष्कर्ष आधीच सांगायचा तर तो असा: पाइप मोकळा ठेवण्याचं खरं काम सिंकच्या वर, ताट आणि नळ यांच्या मधल्या अर्ध्या मिनिटात होतं. तिथे चुकलं तर पुढचा प्रत्येक उपाय महाग, तात्पुरता आणि बहुतेक वेळा दुसऱ्या कोणाच्या तरी जिवावर होतो.

पाइपात नेमकं काय साचतं

तुंबलेल्या पाइपातून निघणारा काळपट, कुबट गोळा एकाच पदार्थाचा नसतो. त्यात तीन गोष्टी एकमेकींना धरून असतात.

पहिली, तेल-तूप. शेंगदाणा, सूर्यफूल, करडई यांची तेलं आपल्या हवेत पातळच राहतात. खोबरेल मात्र २४ अंश सेल्सिअसच्या आसपास गोठतं. साजूक तूप थंडीत कडक होतं. वनस्पती तूप तर एरवीही घट्टच. फरसाण आणि बाहेरच्या तळणीत सर्रास असणाऱ्या पाम तेलातली जवळजवळ निम्मी मेदाम्लं संपृक्त असतात, म्हणून गारवा लागताच त्यात कणी धरते. पुणे-नाशिकच्या थंडीत किंवा विदर्भातल्या पौष-माघात सिंक तुंबण्याच्या तक्रारी वाढतात त्याचं एक कारण हेच. भांड्यावर पातळ असलेलं तूप पाइपातल्या गार भिंतीला टेकताच थिजतं.

पण निव्वळ थिजण्यावर गोष्ट थांबत नाही. तळताना आणि नंतर पाइपातल्या जिवाणूंमुळे तेलाचे रेणू तुटतात आणि मेदाम्लं मोकळी होतात. ही मेदाम्लं पाण्यातल्या किंवा सिमेंटच्या पाइपातल्या कॅल्शियमशी जोडली गेली की एक प्रकारचा साबण तयार होतो. तो पाण्यात विरघळत नाही, उलट दगडासारखा घट्ट होत जातो. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ साली हीच प्रक्रिया प्रयोगशाळेत घडवून दाखवली आणि गटारांतल्या साक्याशी ताडून पाहिली. आपल्याकडे दख्खनच्या पठारावर बोअरचं पाणी बऱ्याच ठिकाणी जड असतं. त्या पाण्यात कॅल्शियम मुळातच जास्त, त्यामुळे बोअरवर भांडी घासणाऱ्या घरांना हा राप लवकर गाठतो.

दुसरी, पिठूळ पदार्थ. भात, साबुदाणा, पोहे, बेसन, कणीक. स्टार्च गरम पाण्यात फुगतो आणि गार झाला की चिकट लुकण बनतो. भाताची चार शितं निरुपद्रवी वाटतात, पण ती पाइपात पडून आणखी फुगतात. परातीला लागलेली कणीक पाण्याने खरवडून सोडली तर गव्हातल्या ग्लुटेनमुळे तिचे चिवट धागे होतात. भज्यांचं किंवा ढोकळ्याचं उरलेलं पीठ सिंकमध्ये ओतणं, ही तर पाइपात खळ ओतण्याचीच रीत.

तिसरी, चोथा आणि तंतू. चहाचा चोथा विरघळत नाही, तो वाळूसारखा तळाशी बसतो. मेथी-कोथिंबिरीच्या काड्या, कांद्या-लसणाची सालं, आंब्याच्या कोयीचे रेषे, नारळाचा कीस. कोकणात आणि गोव्यात यांत माशांचे खवले आणि तिसऱ्यांच्या शिंपल्यांचे तुकडे येतात. ओल्या नारळाचं वाटण असेल तर कीस आणि स्निग्धपणा एकत्रच उतरतात. शिवाय तारेच्या घासणीचे तुकडे आणि काथ्याचे धागे असतातच. हे सगळं ओशट भिंतीला अडकतं, त्यावर स्टार्च बसतो, त्यावर पुन्हा तेल. थरावर थर चढून पाइपाचं तोंड हळूहळू लहान होत जातं.

अडतं कुठे

सिंकखाली असतो तो वळणाचा किंवा वाटीचा ट्रॅप. त्यात कायम थोडं पाणी साठून राहावं, साधारण ५० मिलीमीटर खोलीचं, अशी रचना असते. हे पाणी गटारातला वास आणि झुरळं अडवतं. स्कॉटलंडमध्ये जन्मलेले घड्याळजी अलेक्झांडर कमिंग यांनी १७७५ साली संडासासाठी अशा वळणाचं पेटंट घेतलं. आज घरातल्या प्रत्येक निचऱ्याखाली तेच तत्त्व आहे. ट्रॅप हा उपयोगीच आहे, पण वळण आलं की वेग कमी होतो आणि जड कण तिथेच बसतात. वाटीच्या ट्रॅपमध्ये ते जास्त साचतात, मात्र तो हाताने फिरवून उघडता येतो. खरी वाईट जोडणी म्हणजे घड्या असलेला, हवा तसा वाकणारा प्लास्टिकचा पाइप. बसवायला सोपा म्हणून तो घरोघरी दिसतो, पण त्याच्या प्रत्येक घडीत ओशट मळ धरतो आणि मधेच झोळ पडला तर तिथे पाणी कायम तुंबून राहतं.

दुसरी अडण्याची जागा म्हणजे भिंतीतला किंवा फरशीखालचा आडवा पाइप. त्याला मीटरमागे दोन-अडीच सेंटीमीटर उतार हवा. उतार कमी असेल तर पाण्याला वेग येत नाही. सांडपाण्याच्या नळांनी स्वतःच स्वतःला साफ ठेवावं यासाठी प्रवाहाचा वेग सेकंदाला निदान ०.६ मीटर असावा, असं केंद्र सरकारच्या मलनिस्सारणविषयक नियमपुस्तिकेत धरलेलं आहे. घराचं नूतनीकरण करताना सिंक खिडकीखाली सरकवलं जातं, आडवा पाइप चार फुटांनी वाढतो आणि उतार मात्र विसरला जातो. अशा घरात कितीही काळजी घेतली तरी तक्रार संपत नाही. तिथे गवंडी आणि प्लंबर यांनाच पुन्हा बोलवावं लागतं.

तिसरी जागा म्हणजे सर्व मजल्यांचा मिळून उभा पाइप आणि खालचा गली ट्रॅप किंवा चेंबर. कुठे अडलं आहे हे ओळखायच्या साध्या खुणा आहेत. फक्त आपल्याच सिंकमधलं पाणी सावकाश जात असेल तर अडथळा बहुधा ट्रॅपमध्ये किंवा त्याच्या लगेच पुढे असतो. सिंकमध्ये पाणी सोडल्यावर शेजारच्या मोरीच्या जाळीतून पाणी वर येत असेल तर अडथळा दोन्ही नळ जुळतात त्याच्या पुढे. आपण नळ बंद केलेला असतानाही सिंकमध्ये पाणी चढत असेल तर वरच्या मजल्यांचं पाणी सामाईक पाइपात अडून आपल्याकडे येतंय. शेवटच्या प्रकारात आपल्या सिंकमध्ये पुडी ओतून काहीही साधत नाही. ते काम सोसायटीचं असतं.

प्रचलित उपायांची पारख

*गरम पाणी.* ट्रॅपजवळच्या ताज्या ओशटपणावर गरम पाणी आणि भांड्यांचा साबण उपयोगी पडतात, हे खरं. पण तेल तिथून हललं तरी पुढे जाऊन गार होतं आणि पुन्हा थिजतं. ट्रॅपमधला थर आपण पुढच्या आडव्या पाइपात ढकलतो इतकंच. शिवाय आजचे बहुतेक पाइप पीव्हीसीचे आहेत. ६० अंशांच्या वर पीव्हीसी मऊ पडू लागतं, सांधे सैल होतात. म्हणून कुकरचं किंवा भाताचं उकळतं पाणी थेट सिंकमध्ये ओतू नये. हाताला जेमतेम सोसेल इतकं गरम पाणी पुरेसं आहे.

*सोडा आणि व्हिनेगर.* फेस मोठा दिसतो, म्हणून विश्वास बसतो. प्रत्यक्षात आम्ल आणि अल्कली एकमेकांना निष्प्रभ करतात. उरतं ते पाणी, कार्बन डायऑक्साइड आणि सोडियम ॲसिटेट. यांतलं काहीही थिजलेलं तूप विरघळवत नाही. वास थोडा कमी होतो, हलका मळ हलतो. तुंबलेला पाइप याने सुटत नाही. अपाय मात्र नाही, एवढीच जमेची बाजू.

*कॉस्टिकच्या पुड्या.* यांत मुख्यतः कॉस्टिक सोडा आणि बऱ्याचदा ॲल्युमिनियमचे कण असतात. पाण्याशी गाठ पडताच जोराची उष्णता आणि हायड्रोजन वायू निघतो. उष्णतेने चरबी वितळते, कॉस्टिकने तिचा साबण होतो. म्हणजे हा उपाय रसायनशास्त्राने खरा आहे आणि अर्धवट अडलेल्या पाइपावर चालतोही. पण पूर्ण तुंबलेल्या पाइपात पुडी खाली उतरतच नाही. ती एका जागी बसून कडक होते आणि पीव्हीसीला चटका देते. त्यानंतर जो माणूस ट्रॅप उघडतो त्याच्या हातावर आणि डोळ्यांत ते दाहक पाणी उडतं. पुडी टाकली असेल तर प्लंबरला ते आधी सांगणं ही किमान माणुसकी आहे. वापरायचीच असेल तर हातमोजे आणि चष्मा घालावा, तोंड सिंकवर आणू नये, मुलांना दूर ठेवावं. डोळ्यांत उडालं तर वाहत्या पाण्याने निदान पंधरा-वीस मिनिटं धुवावं आणि लगेच डॉक्टर गाठावा. संडास धुण्याचं ॲसिड आणि ब्लीच यांच्याबरोबर तर ती कधीच मिसळू नये. ॲसिड आणि ब्लीच एकत्र आले तर क्लोरीन वायू होतो, आणि बंद स्वयंपाकघरात तो जिवावर बेततो.

*जिवाणू आणि एन्झाइमची द्रव्यं.* ही हळू काम करतात. रात्री, नळ बंद असताना टाकली तर वास आणि ताजा थर कमी करायला मदत होते. तुंबलेलं सोडवणं त्यांचं काम नव्हे.

*हाताची अवजारं.* सगळ्यांत भरवशाचा मार्ग हाच. रबरी प्लंजर वापरताना दोन भांड्यांचं सिंक असेल तर दुसऱ्याचं तोंड ओल्या फडक्याने घट्ट बंद करावं आणि रबर बुडेल इतकं पाणी ठेवावं. हवा दाबून उपयोग नाही, जोर पाण्याने द्यावा लागतो. पुडी टाकलेल्या पाइपावर प्लंजर मारू नये. ट्रॅप उघडताना खाली बादली ठेवावी, वाटी हाताने फिरवावी, आतला गाळ सिंकमध्ये न धुता ओल्या कचऱ्यात टाकावा, वॉशर नीट बसल्याचं पाहावं आणि पाणी सोडून गळती तपासावी. त्यापुढच्या अडथळ्यासाठी लवचिक स्प्रिंग. अडथळ्याला ढकलण्यापेक्षा स्प्रिंग त्यात फिरवून तो ओढून काढणं जास्त चांगलं. ढकललेला गोळा पुढच्या वळणावर बसतो.

*सिंकखालचं दळणयंत्र.* खरकटं दळून पाण्याबरोबर सोडणारं हे यंत्र अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमधल्या रसीन गावचे वास्तुविशारद जॉन हॅम्स यांनी १९२७ साली घडवलं. नव्या इमारतींच्या जाहिरातींत आता ते आपल्याकडेही दिसतं. न्यूयॉर्क शहराच्या मोठ्या भागात जुन्या गटारांच्या काळजीपोटी त्यावर बंदी होती. ती १९९७ साली उठली. सोय मोठी आहे, पण दळलेला भात भातच राहतो आणि तेल तेलच. ते नाहीसं होत नाही, फक्त आपल्या नजरेआड जातं. त्याला भरपूर पाणी लागतं, आणि जिथे नळ दिवसातून दोन तास येतो तिथे ते आणायचं कुठून? शिवाय ज्या सोसायटीचं स्वतःचं सांडपाणी शुद्धीकरण केंद्र आहे तिथे हा सगळा भार त्यावर येतो. ओल्या कचऱ्याचं खत होत असताना तोच कचरा पाण्यात कालवून मग पाण्यातून वेगळा करणं मला उलट्या क्रमाचं काम वाटतं.

सिंकच्या वरचं काम

आता प्रतिबंध. यात नवं यंत्र काहीच नाही, फक्त क्रम आहे.

भांडं पाण्याखाली धरण्याआधी कोरडं निपटायचं. ताटातलं खरकटं ओल्या कचऱ्यात, मग वाटीचा आणि कढईचा ओशटपणा जुन्या वर्तमानपत्राने किंवा रबरी पट्टीने पुसून घ्यायचा. निचऱ्याच्या तोंडावर बारीक जाळी, आणि ती प्रत्येक घासणीनंतर कचऱ्यात झटकायची. सिंकमध्ये झटकली तर ती लावून काय उपयोग? चहाचा चोथा कुंडीत. परात आणि पोळपाट आधी कोरड्या कालथ्याने खरवडायचे. तांदळाचं धुवण झाडांना घालावं, पेज प्यावी किंवा गार करून झाडांना द्यावी. ज्या घरी गोठा होता तिथे धुवण, सालं आणि उरलंसुरलं सगळं गुरांच्या आंबोणात जात असे, मोरीत फक्त पाणी जाई. शहरात गोठा गेला, पण खरकटं आणि पाणी वेगळं ठेवायची शिस्त जायचं कारण नव्हतं.

ही शिस्त घरातल्या प्रत्येकाची हवी. भांडी घासायला येणाऱ्या मावशींसमोर सिंकमध्ये खरकट्यासकट ताटांचा डोंगर रचायचा आणि पाइप तुंबला की त्यांना बोल लावायचा, हे अन्यायाचं आहे. ज्याने जेवायचं त्याने ताट निपटून ठेवायचं. मुलांना हे पहिल्यापासून शिकवता येतं.

तळणीच्या तेलाचा प्रश्न वेगळा. दिवाळीत चकल्या-शेव झाल्यावर लिटरभर तेल उरतं आणि बऱ्याच घरांतून ते सिंकमध्येच जातं. ते गार करून जुन्या बाटलीत भरावं. भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून तळणीच्या तेलातल्या ध्रुवीय संयुगांना २५ टक्क्यांची मर्यादा घातली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वापरलेल्या तेलाचं बायोडिझेल करण्यासाठी ‘रुको’ हा उपक्रम सुरू केला. गोळा करणारे प्रामुख्याने हॉटेलांकडून तेल घेतात, कारण घराघरातून बाटलीभर तेल नेणं त्यांना परवडत नाही. सोसायटीने एक पिंप ठेवलं तर ते परवडतं. तेल अगदी थोडं असेल तर वर्तमानपत्रात शोषून कचऱ्यात. जपानमध्ये एरंडेलापासून केलेली पूड गरम तेलात ढवळतात. तेल गार होताना गोळा होतं आणि उचलून टाकता येतं.

देखभाल म्हणाल तर आठवड्यातून एकदा सिंक कोमट पाण्याने भरून एकदम सोडावं. थेंबथेंब वाहण्यापेक्षा एकाच लोटाने पाइप चांगला धुतला जातो. दोन-तीन महिन्यांतून एकदा, तुंबण्याची वाट न पाहता, ट्रॅप उघडून साफ करावा. हे काम पंधरा मिनिटांचं आहे.

हॉटेल, खानावळ, कार्यालय

घरांपेक्षा भार मोठा असतो तो खानावळी, मंगल कार्यालयं, फरसाणवाले आणि आता फक्त घरपोच जेवण देणारी स्वयंपाकघरं यांचा. त्यांच्यासाठी तेलसापळा हवाच. तत्त्व सोपं आहे: पाणी एका पेटीत संथ करायचं, हलकं तेल वर तरंगतं, गाळ खाली बसतो आणि मधलं पाणी पुढे जातं. पण पेटी बसवली आणि उघडलीच नाही तर ती नसल्यासारखीच. तेल आणि गाळ मिळून चौथा हिस्सा भरला की ती साफ करायची, असा परदेशातल्या अनेक नगरपालिकांचा नियम आहे, आणि तो इथेही तंतोतंत लागू पडतो. सार्वजनिक गटारात सोडायच्या सांडपाण्यात तेल आणि ग्रीस लिटरला २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावं, अशी मर्यादा आपल्या पर्यावरण संरक्षण नियमांत आहे. नियम आहे, तपासणी वाढायला हवी.

दुर्लक्षाचा शेवट कुठे होतो हे लंडनने पाहिलं. २०१७ च्या सप्टेंबरमध्ये तिथल्या व्हाइटचॅपल भागात जमिनीखाली सुमारे २५० मीटर लांब आणि १३० टन वजनाचा चरबीचा गोळा सापडला. तेल आणि ओल्या टिश्यूंनी तो बनला होता. तो फोडायला कामगारांना कित्येक आठवडे लागले, बराचसा भाग बायोडिझेलसाठी गेला आणि एक तुकडा २०१८ साली लंडनच्या संग्रहालयात मांडला गेला. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने २००४ साली तिथल्या संसदेला दिलेल्या अहवालात नोंदवलेल्या गटार-अडथळ्यांपैकी ४७ टक्क्यांचं कारण ग्रीस होतं.

गावातली मोरी आणि शोषखड्डा

खेड्यात सामाईक गटार नसतं, म्हणून प्रश्न संपत नाही. जलजीवन मिशन २०१९ मध्ये सुरू झालं, माणशी रोज ५५ लिटर पाणी नळाने द्यायचं ठरलं. त्यातलं बहुतेक पाणी सांडपाणी होऊन पुन्हा दारात येतं. नांदेड जिल्ह्यातल्या हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णी गावाने घरोघरी शोषखड्डे करून उघडी गटारं नाहीशी केली, डास घटले आणि ‘नांदेड पॅटर्न’ म्हणून ही पद्धत राज्यभर गेली. या खड्ड्याचा सगळा आधार आजूबाजूच्या मातीने पाणी पिण्यावर आहे. मोरीतून तेल आणि शितं थेट आत गेली तर मातीची छिद्रं बुजतात आणि खड्डा तुंबतो. म्हणून मोरी आणि खड्डा यांच्यामध्ये जाळीची छोटी कुंडी हवी आणि ती नियमित उपसायला हवी. कोकणातला जांभा पाणी चटकन घेतो, पण तिथे विहिरीपासूनचं अंतर सांभाळावं. मराठवाड्या-विदर्भातली काळी माती पाणी सावकाश पिते, तिथे खड्ड्याबरोबर परसातली केळ, अळू आणि कर्दळ यांनाही हे पाणी द्यावं. ही रीत आपल्याकडे जुनी आहे आणि आजही तितकीच चांगली.

चेंबरमध्ये कोण उतरतं

या विषयावर लिहिताना जाळी आणि स्प्रिंगपाशी थांबता येत नाही. सिंकमधून पुढे ढकललेलं सगळं शेवटी चेंबरमध्ये आणि गटारात साचतं. तिथे ते कुजतं, हायड्रोजन सल्फाइडसारखे वायू तयार होतात आणि ते साफ करायला माणूस उतरवला जातो. २०१३ च्या कायद्याने गटार आणि सेप्टिक टँक यांच्या धोकादायक सफाईसाठी माणसाला कामाला लावण्यास मनाई केली आहे. पहिल्या गुन्ह्यालाही दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. ही मनाई फक्त महापालिकेला नाही, सोसायटीच्या सचिवालाही आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली अशा मृत्यूसाठी दहा लाखांची भरपाई ठरवली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ती तीस लाखांवर नेली. तरी माणसं उतरतात आणि मरतात. केरळमधल्या जेनरोबोटिक्सचा ‘बँडिकूट’ यंत्रमानव आहे, जेटिंग आणि सक्शनची वाहनं आहेत. यंत्र महाग पडतं म्हणून दोनशे-पाचशे रुपयांत माणूस शोधला जातो, ही आपली लाज आहे.

म्हणून ताट निपटणं ही केवळ टापटिपीची गोष्ट मी मानत नाही. वरच्या मजल्यावर ओतलेलं तेल तळमजल्याच्या सिंकमध्ये वर येतं. शहरात ओतलेलं तेल त्या माणसाच्या वाट्याला येतं ज्याचं आपल्या जेवणाशी काही देणंघेणं नव्हतं.

सोसायट्यांनी आपल्या सर्वसाधारण सभेत चार ठराव करावेत: स्वयंपाकघराच्या उभ्या पाइपाची पावसाळ्याआधी आणि दिवाळीनंतर यंत्राने सफाई, वापरलेल्या तेलाचं सामाईक पिंप, घराच्या दुरुस्तीत निचऱ्याचा उतार तपासल्याशिवाय परवानगी नाही, आणि कोणत्याही कारणाने चेंबरमध्ये माणूस उतरवायचा नाही. पहिल्या तिन्ही ठरावांचा खर्च दर घरामागे किरकोळ येईल. चौथ्याची किंमत किती हे मोजत बसू नये, तो बिनविरोध मंजूर व्हावा.